मोशीचे वाईनकाका

आमच्या सोसायटीत अनंतराव टेंभुर्णीकरांइतका चिकित्सक माणूस दुसरा नाही. चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवणारी एक कंपनी आहे, तिथे ते खरेदी विभागाचे प्रमुख. रबराचा साधा वायसरसुद्धा नखानं दाबून, वाकवून, नाकाशी धरून पाहिल्याशिवाय ते गेटातून आत येऊ देत नाहीत. पुरवठादार त्यांच्या केबिनमध्ये शिरण्याआधी बाहेर उभे राहून पाणी पितात म्हणे. घरी आंब्याची पेटी आली की वरचे आंबे बाजूला सारून तळाचा आधी बघणार. सोसायटीच्या लिफ्टसाठी कंपन्यांची माणसं आली होती, तेव्हा अनंतरावांनी त्यांना इतके प्रश्न विचारले की त्यातला एकही पुन्हा फिरकला नाही. त्यामुळे लिफ्ट लांबली आणि आम्ही सगळे जिने चढत राहिलो. पण अनंतराव स्वतःही चढत होते, म्हणून कुणी बोललं नाही.

असा हा माणूस गेली कित्येक वर्षं वाईनची एकच एक बाटली विकत आणत होता, आणि ती त्यांना आवडत नव्हती.

हे मला मधुवंतीवहिनींनी सांगितलं, म्हणजे त्यांच्या पत्नीनं. त्या निगडीच्या एका शाळेत गणित शिकवतात, त्यामुळे वाढवून सांगायची त्यांना सवय नाही. मधेमधे जी थोडी भर आहे ती माझी.

सुरुवात झाली ब्लडप्रेशरपासून. अनंतराव आठवड्यातून एकदा मित्रांबरोबर व्हिस्की घ्यायचे. डॉक्टरांनी ती बंद करायला सांगितली. डॉक्टर आणखीही बरंच काही बोलले, चालायला जा, मीठ कमी करा, चिडू नका. ते सगळं घरी येईपर्यंत अनंतराव विसरले. दवाखान्यातल्या बाकावर शेजारी बसलेल्या पेशंटनं जे सांगितलं ते मात्र पक्कं लक्षात राहिलं. लाल वाईन हृदयाला चांगली असते.

आता वाईन आणायची म्हणजे वाईन शॉपमध्ये जायला हवं. आपल्याकडे वाईन शॉप म्हणजे वाईन सोडून बाकी सगळं मिळणारं दुकान. मोशीत अशी दुकानं आहेत, पण तिथे सोसायटीतलं कुणीतरी भेटणार. चाकणमध्येही आहेत, पण तिथे कंपनीतलं कुणीतरी भेटणार. शेवटी अनंतरावांनी तळेगावच्या रस्त्यावरचं एक दुकान हेरलं, जिथे मुख्यतः ट्रकवाले थांबतात. चाकणच्या ट्रॅफिकला कंटाळून ते कार घरी ठेवून स्कूटरनंच कामावर जात. तिचा इथे आणखी एक उपयोग झाला. स्कूटर लांब लावायची, हेल्मेट डोक्यावर तसंच ठेवायचं, काच खाली ओढायची आणि दुकानाच्या लोखंडी जाळीसमोर जाऊन उभं राहायचं.

जाळीमागे चिमाजी नावाचा गृहस्थ होता. मावळातला, मिशा पांढऱ्या झालेला, शांत.

"वाईन," हेल्मेटच्या आतून अनंतराव म्हणाले.

"आँ?"

"वाईन!"

"ही समदी वाईनच हाय की. कंची देऊ?"

हा प्रश्न अनंतरावांनी गृहीत धरलाच नव्हता. मागे शिफ्ट सुटून आलेली पोरं उभी होती. त्यातला एक म्हणाला, "ओ काका, काच वर करा की. तोंडात पाणी धरून बोलल्यासारखं करताय."

अनंतरावांनी घाईघाईनं लाल रंगाच्या दिशेनं बोट केलं. चिमाजीनं एक बाटली काढली, वर्तमानपत्रात गुंडाळली आणि जाळीच्या भोकातून बाहेर सरकवली. झाली खरेदी. वायसर नाकाशी धरणाऱ्या माणसानं बाटलीवरचं नावसुद्धा घरी येऊन वाचलं.

ती वाईन गोड होती. म्हणजे नुसती गोड नव्हे, लहान मुलांच्या खोकल्याच्या औषधासारखी, ओठाला ओठ चिकटवणारी गोड. अनंतराव संध्याकाळी स्टीलच्या वाटीत ती थोडी ओतून घेत, डोळे मिटून गिळत आणि वर पाणी पीत. मग बाटली परत माळ्यावर, इडलीपात्राच्या मागे. औषधच आहे म्हटल्यावर चवीचा प्रश्न येत नव्हता. बाटली संपली की पुन्हा तळेगाव रस्ता, पुन्हा हेल्मेट, पुन्हा बोट. पुढे पुढे बोटाचीही गरज राहिली नाही. हेल्मेट दिसलं की चिमाजीचा हात आपोआप तिकडे जायचा.

"एवढं तोंड वाकडं होतं तर दुसरी का नाही आणत?" वहिनी अधूनमधून विचारायच्या.

"मला त्यातलं काही माहीत नाही."

"मग विचारा दुकानदाराला."

"विचारलं तर त्याला कळेल ना, की मला माहीत नाही."

वर्गातही काही मुलं अशी असतात, त्या म्हणाल्या, पण ती निदान पुढच्या वर्गात जातात.

हे असंच चालू राहिलं असतं. पण आमच्या मजल्यावर शार्दूल आणि मृदुला राहायला आले. दोघं हिंजवडीला कामाला, नुकतंच लग्न झालेलं, घरात सोफ्याआधी वाईनचे ग्लास आलेले. त्यांनी शेजाऱ्यांना ओळख व्हावी म्हणून एका संध्याकाळी बोलावलं. चीजचे तुकडे, त्यात खोचलेल्या काड्या आणि उंच दांड्याचे ग्लास. तो ग्लास नेमका कुठे धरायचा हे कळेना म्हणून आम्ही बऱ्याच जणांनी तो टेबलावरच ठेवला होता. शार्दूलनं विचारलं, "काका, तुम्ही वाईन घेता का?"

"मी?" अनंतराव म्हणाले. "मी खूप वर्षं घेतोय."

हे अक्षरशः खरं होतं. तिथेच थांबले असते तर काही झालं नसतं. पण खोलीतल्या सगळ्या माना त्यांच्याकडे वळल्या, आणि खरेदी विभागाच्या प्रमुखाला माना वळल्या की बोलायची सवय असते. ते म्हणाले, वाईन समजायला आयुष्य जातं. म्हणाले, ग्लास दोनदा उजवीकडून फिरवायचा, डावीकडून कधीच नाही. म्हणाले, बाटली उघडण्याआधी काही वेळ तिचं तोंड उत्तरेकडे करून आडवी ठेवायची, म्हणजे वाईन बसते. वहिनी त्यांच्याकडे बघत होत्या. चूक गणित आत्मविश्वासानं फळ्यावर सोडवणाऱ्या मुलाकडे बघावं तशा.

त्या दिवसापासून ते वाईनकाका झाले. आमचे सेक्रेटरी ज्योतीराम जिन्यात भेटले की विचारायचे, "काका, मेहुण्याला भेट द्यायची आहे, कोणती देऊ?" अनंतराव गंभीरपणे म्हणायचे, "मेहुणा कसा आहे त्यावर अवलंबून आहे." ज्योतीराम मान डोलवायचे. मेहुणा कसा आहे हे ते कधी सांगायचे नाहीत, त्यामुळे काकांची सुटका व्हायची.

मग एक दिवस मृदुलाला बढती मिळाली. शार्दूलनं सगळ्या मजल्याला येत्या रविवारी जेवायला बोलावलं आणि दारात उभा राहून म्हणाला, "काका, वाईन तुम्हीच निवडायच्या. स्पाइन रोडला नवीन मोठं दुकान झालंय. रविवारच्या आत आपण दोघं जाऊ."

दार लागल्यावर अनंतराव खुर्चीत बसले. "मधू," ते म्हणाले, "माझ्या पोटात दुखतंय असं रविवारपर्यंत चालेल का?"

"चालेल," वहिनी म्हणाल्या. "पण मग लोक बघायला येतील. त्यापेक्षा दोन-चार वेगळ्या बाटल्या आणा आणि पिऊन बघा. दुसरा उपाय नाही."

दुसऱ्या दिवशी कंपनी सुटल्यावर अनंतराव चिमाजीच्या जाळीसमोर उभे राहिले. चिमाजीचा हात सवयीनं त्या बाटलीकडे गेला.

"ती नको," अनंतराव म्हणाले.

"आँ?"

आता बोलायचं तर होतं. त्यांनी मागे पाहिलं, पुढे पाहिलं आणि हेल्मेट काढलं.

"या, टेंभुर्णीकर सायेब," चिमाजी म्हणाला.

अनंतरावांचा हेल्मेटचा हात पुन्हा डोक्याकडे गेला. "तुम्ही मला ओळखता?"

"गळ्यात पाटी हाय की तुमच्या. फोटोबी हाय."

अनंतरावांनी खाली पाहिलं. कंपनीचं ओळखपत्र छातीवर लोंबत होतं. नाव, हुद्दा, हसरा फोटो. इतकी वर्षं ते डोकं झाकून आणि पाटी लावून तिथे उभे राहत होते.

"बरं, मला एक सांगा," ते जरा सावरून म्हणाले. "पहिल्या वेळी मला तुम्ही हीच बाटली का दिलीत?"

"तुमी बोट दावलं."

"मी नुसतं त्या बाजूला दाखवलं होतं."

"व्हय. पर ही हाताला येत व्हती. बाकीच्या वरच्या फळीला हायेत, त्याला स्टूल लागतं. अन् स्टुलाचा पाय मोडलाय."

"मग बाकीचे लोक कोणती घेतात?"

"बाकीचं कोन घेतंय? एक बेकरीवाला न्यायचा ही, केकात घालाया. आन् तुमी."

अनंतरावांनी वरच्या फळीकडे पाहिलं. मग म्हणाले, "वरच्यांतली चांगली कोणती?"

"मला न्हाई ठावं सायेब. म्या माळकरी." चिमाजीनं कॉलर सारून गळ्यातली तुळशीची माळ दाखवली. "मालक म्हनत्यात, म्हाग ती चांगली. गिऱ्हाईक म्हनतं, स्वस्त ती चांगली. म्या दोघास्नीबी व्हय म्हनतो."

एवढ्यात मागून आवाज आला, "नमस्कार साहेब!" अनंतराव वळले. त्यांच्याच कंपनीच्या स्टोअरमधला नवनाथ उभा होता, अंगात कंपनीचा शर्ट. ज्या क्षणाला भिऊन त्यांनी एवढी वर्षं काच खाली ओढली होती, तो क्षण हाच. आता काय होणार? नवनाथ म्हणाला, "साहेब, तेवढी माझी बिअर घेऊ का आधी? बस चुकेल." बिअर घेतली आणि जाता जाता म्हणाला, "चिमाजीभाऊ, स्टूल मी धरतो, द्या साहेबांना काढून." त्यानं जाळीशेजारच्या दारातून आत शिरून मोडकं स्टूल धरलं, चिमाजी चढला, धूळ झटकून तीन बाटल्या खाली आल्या. दोन लाल, एक पांढरी. नवनाथ बसमागे पळाला. झालं ते एवढंच.

"यांचं सॅम्पल मिळेल का?" अनंतरावांनी सवयीनं विचारलं.

"हितं सॅम्पल न्हाई सायेब. उघडली की तुमची."

त्या आठवड्यात मधेच एक सुट्टी होती, त्या दुपारी वहिनींनी कांदाभजी तळायला घेतली. पांढरी वाईन फ्रीजमध्ये दह्याशेजारी ठेवली होती, कारण पांढरी थंड असते एवढं दोघांनी टीव्हीवर पाहिलं होतं. पहिली अडचण बुचाची. जुन्या बाटलीला फिरवायचं झाकण होतं, या लाल बाटलीला खरोखरीचं बूच. ते काढायचं यंत्र घरात नव्हतं. अनंतरावांनी टूलबॉक्समधून लाकडाचा लांब स्क्रू काढला, बुचात पिळला आणि पक्कड लावून ओढला. अर्धं बूच वर आलं, अर्धं आत पडलं. वहिनींनी चहाची गाळणी पुढे केली.

दोघांनी एकेक घोट घेतला. जीभ कच्चं केळं खाल्ल्यासारखी आवळली गेली.

"कशी आहे?" वहिनींनी विचारलं.

अनंतरावांनी छताकडे पाहिलं. "बॉडी आहे."

"कुणाची?"

"असं म्हणतात."

"कोण म्हणतं ते राहू द्या. तुम्हाला आवडली का?"

"महागाची आहे."

"ते नाही विचारलं. एका शब्दात उत्तर द्या."

अनंतराव पुन्हा घोट घेणार होते, वेळ काढायला. वहिनींनी वाटीवर हात ठेवला. भज्यांचा तेलकट वास, बाहेर खेळणाऱ्या मुलांचा ओरडा, आणि त्यांच्यापुढे एक वाटी, जिच्याबद्दल कुणीच त्यांना काही सांगितलं नव्हतं.

"नाही," ते म्हणाले.

वहिनी सांगतात, तो शब्द बोलल्यावर त्यांचा चेहरा दिवसभर चावणारा बूट काढल्यावर होतो तसा झाला. मग त्यांना थांबवताच येईना. ही नाही आवडली. ती जुनीही कधी आवडली नाही. खरं तर ज्या मित्रांबरोबर व्हिस्की घ्यायचो त्यातलेही दोघं फारसे आवडायचे नाहीत. वहिनी म्हणाल्या, एवढं पुरे, भजी निवताहेत.

पांढरी मात्र जमली. थंड, हलकी, थोडी आंबटसर. वहिनींना त्यात पेरू लागला, अनंतरावांना कच्ची द्राक्षं. कोण बरोबर यावर दोघांनी अर्धी बाटली संपवली आणि भजीही. तिसरी, म्हणजे दुसरी लाल, त्या दिवशी बरी वाटली आणि दुसऱ्या दिवशी उरलेल्या मटणाच्या रश्श्याबरोबर फार बरी वाटली. माळ्यावरची जुनी बाटली वहिनींनी मोरीत ओतली. निचरा व्हायला वेळ लागला म्हणाल्या, इतकी चिकट.

मग शार्दूलबरोबर जायचा दिवस उजाडला. स्पाइन रोडचं दुकान म्हणजे काचेचं दार, आत गारवा, भिंतभर बाटल्या आणि प्रत्येक बाटलीवर छोटा दिवा. काळा एप्रन घातलेला गणराज नावाचा विक्रेता पुढे आला. "सर, ही बघा. यात प्रीमियम फिनिश आहे. एकदम स्मूथ परफॉर्मन्स."

अनंतरावांनी कान टवकारले. ही भाषा त्यांनी कुठेतरी ऐकली होती. "तुम्ही आधी कुठे होता?"

"मोबाईलच्या शोरूममध्ये सर. मागच्या महिन्यापर्यंत."

शार्दूल अदबीनं काकांकडे बघत उभा होता. अनंतरावांनी एक बाटली उचलली. जीभ वळवळायला लागली. उजवीकडून फिरवायचं वगैरे ओठांवर आलंच होतं. पण त्यांनी बाटली खाली ठेवली.

"शार्दूल, मला यातलं काही कळत नाही," ते म्हणाले. "तुझ्याकडे त्या दिवशी बोललो त्या थापा होत्या. मी इतकी वर्षं एकच बाटली घेत होतो, आणि तीही केकात घालायची."

शार्दूलनं आधी गणराज लांब आहे ना ते पाहिलं. मग हळूच म्हणाला, "काका, ते उत्तरेचं मी ऑफिसात सगळ्यांना सांगितलं. आमच्या टीमलीडनं होकायंत्र मागवलंय."

"परत कर म्हणावं."

"आणि खरं सांगू का? मलाही काही कळत नाही. ते ग्लास लग्नात आले होते. ठेवायचे कुठे म्हणून वाईन आणली."

मग दोघांना जरा मोकळं वाटलं. त्यांनी गणराजलाही जवळ बोलावलं. तिघांनी मिळून बाटल्यांच्या पाठीवरचा मजकूर वाचायला सुरुवात केली, चष्मा वर करून, अक्षरं लावत. "यातली गोड कोणती? गोड नसलेली कोणती? जेवण तिखट आहे, थंड करून कोणती देता येईल?" गणराजला माहीत नव्हतं ते त्यानं आतल्या माणसाला विचारलं, आतल्यालाही माहीत नव्हतं ते मालकाला फोन करून विचारलं. दुकानात आलेल्या एक बाई तर मागे उभ्या राहून ऐकत होत्या. त्यांनाही तेच विचारायचं होतं म्हणे. शेवटी ओळखीची पांढरी, कुणीच न चाखलेली जांभळाची एक, आणि सोनेरी लेबलची एक रुबाबदार लाल, अशी खरेदी झाली. सोनेरी लेबल शार्दूलच्या हट्टापायी. फोटोत चांगलं दिसेल म्हणाला.

जेवणाच्या दिवशी आम्ही सगळे जमलो. सोनेरी लेबलची बाटली पहिली उघडली. मी घोट घेतला. तोंडात भिजलेला पुठ्ठा ठेवल्यासारखं झालं. पण आजूबाजूला सगळे माना डोलवत होते. ज्योतीराम म्हणाले, "वा, खोल आहे." त्यांच्या पत्नी म्हणाल्या, "हळूहळू चढते." दुसरं कुणीतरी म्हणालं, "यात चॉकलेट लागतं." आणि सगळे वाईनकाकांच्या तोंडाकडे बघू लागले.

अनंतरावांनी एक घोट घेतला, गिळला आणि ग्लास टेबलावर ठेवला.

"मला नाही आवडली," ते म्हणाले.

शार्दूलचा चेहरा पडला. मग ज्योतीराम घसा खाकरून म्हणाले, "तसं बघितलं तर... मलाही नाही." त्यांच्या पत्नी म्हणाल्या, "मी म्हणणारच होते." चॉकलेटवाला म्हणाला, त्याला चॉकलेटच आवडत नाही. बघता बघता निम्म्या खोलीला ती सुरुवातीपासूनच आवडलेली नव्हती, आणि उरलेल्या निम्म्यांनी आपले ग्लास मुकाट्यानं बाल्कनीतल्या कुंडीकडे नेले. मृदुला हसत सुटली, तेव्हा शार्दूललाही हसावंच लागलं.

कोपऱ्यात मृदुलाची आई शालनबाई बसल्या होत्या. जुन्नरकडून लेकीच्या बढतीसाठी आलेल्या, डोक्यावर पदर, मांडीवर भज्यांची ताटली. इतका वेळ एक शब्द बोलल्या नव्हत्या.

"काय ओ," त्या अनंतरावांना म्हणाल्या, "आवडत नसंल तर नको म्हनता येतं व्हय हितं?"

"येतं की."

"मंग मलाबी जरा चाखू द्या. पोरगी नुसती बिसलेरीवर बसवती मला."

मृदुला "आई!" म्हणेपर्यंत अनंतरावांनी जांभळाची बाटली उघडून त्यांना ग्लासात थोडी ओतून दिली. शालनबाईंनी ग्लास दांड्याला न धरता पेल्यासारखा मुठीत धरला, वास घेतला, एक घोट घेतला आणि परत दिला.

"ह्यात जांभळाचा निस्ता वास हाय. जांभूळ कुठं गेलं? ती पांढरी बघू."

अनंतरावांनी पांढरी ओतली. शालनबाईंनी आधी एक भजं खाल्लं, मग घोट घेतला, मग पुन्हा एक भजं. आम्ही सगळे थांबलो होतो. त्यांनी कुणाकडे पाहिलं नाही.

"ही हितंच राहू द्या," त्या म्हणाल्या आणि बाटली उचलून आपल्या बाजूला सोफ्यावर ठेवली.

मधुवंतीवहिनी आपली ताटली घेऊन उठल्या, बाटली जरा पलीकडे सरकवली आणि त्यांच्या शेजारी जाऊन बसल्या. "तुम्हाला यात पेरू लागतो का?" त्यांनी विचारलं.

"पेरू?" शालनबाईंनी पुन्हा एक घोट घेतला आणि विचार केला. "न्हाई बाई. मला तर ह्यात हिरवी मिरची लागती."

वहिनींनी ग्लास पुढे केला, "बघू," म्हणाल्या.